पॉसिबल, प्रॉबेबल, लाइकली, मे, माइट: इंग्रजीत 'शक्यता' नेमकी किती असते?

तुम्ही विचारलंय की पॉसिबल, प्रॉबेबल, लाइकली, मे, माइट या सगळ्यांपुढे शब्दकोशात 'शक्य', 'संभाव्य' एवढंच सापडतं, मग त्यांच्यात फरक काय आणि कुठल्या शब्दाचे किती टक्के धरायचे? आधी फरक सांगतो. टक्क्यांकडे शेवटी येतो, कारण तिथे शब्दापेक्षा तो कोण वापरतंय हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे 'पॉसिबल' या शब्दात मोजमाप नाही. दार बंद नाही, एवढंच तो सांगतो. लॉटरीचं पहिलं बक्षीस तुम्हाला लागणं पॉसिबल आहे, प्रॉबेबल नाही. 'प्रॉबेबल' म्हटलं की तराजू झुकलेला असतो: होण्याची बाजू न होण्यापेक्षा जड. क्ष-किरण तपासणीच्या अहवालात 'पॉसिबल फ्रॅक्चर' लिहिलं असेल तर अर्थ 'हाड मोडलेलं नाहीच असं म्हणता येत नाही'. 'प्रॉबेबल फ्रॅक्चर' असेल तर डॉक्टरांचा कल 'मोडलंय' याच बाजूला आहे.

मराठी माणसाची गल्लत इथेच होते, आणि दोष आपल्या 'शक्यता' या शब्दाचा आहे. 'पावसाची शक्यता आहे' हे वाक्य आपण 'पडणं अशक्य नाही' याही अर्थी वापरतो आणि 'छत्री घेऊनच जा' याही अर्थी. मग इंग्रजीत 'देअर इज अ पॉसिबिलिटी ऑफ डिले' असं लिहून आपल्याला म्हणायचं असतं 'उशीर होणार असं दिसतंय', आणि वाचणारा समजतो 'कधीतरी होऊ शकेल, आत्ता काळजी नको'. तुम्हाला खरंच उशीर होईल असं वाटत असेल तर 'अ डिले इज लाइकली' लिहा.

जोर वाढवण्याचे शब्दही दोन्हींना वेगवेगळे लागतात. 'प्रॉबॅबिलिटी' हाय किंवा लो असते. 'पॉसिबिलिटी' मात्र स्ट्राँग, रिअल, डिस्टिंक्ट किंवा रिमोट असते. 'हाय पॉसिबिलिटी' इंग्रजी कानाला खटकतं. 'हायली लाइकली', 'हायली अनलाइकली' बरोबर, 'हायली पॉसिबल' कच्चं. आणि आपल्याकडचं लाडकं 'देअर आर मोर चान्सेस ऑफ रेन' सोडून द्या. 'रेन इज मोर लाइकली' किंवा 'देअर इज अ गुड चान्स ऑफ रेन' म्हणा.

प्रॉबेबल आणि लाइकली यांच्या ताकदीत रोजच्या भाषेत जवळजवळ फरक नाही. फरक व्याकरणात आहे. लाइकलीचा कर्ता माणूस होऊ शकतो: 'शी इज लाइकली टू कम'. प्रॉबेबलचा नाही, त्यामुळे 'शी इज प्रॉबेबल टू कम' चूक. 'शी इज पॉसिबल टू कम' हेही चूक, आणि परीक्षेच्या पेपरांत हेच वाक्य हमखास दिसतं. तिथे 'इट इज पॉसिबल दॅट शी विल कम' हवं. सावध राहा, 'इट इज पॉसिबल फॉर हर टू कम' याचा अर्थ आणखी वेगळा होतो: तिला येणं जमण्यासारखं आहे, ती येईल की नाही हा वेगळा प्रश्न.

क्रियाविशेषण 'प्रॉबेबली' साहाय्यक क्रियापदानंतर बसतं, 'शी विल प्रॉबेबली कम'. पण नकारी लघुरूप आलं की त्याच्या आधी, 'शी प्रॉबेबली वोन्ट कम'. 'शी विल लाइकली कम' अमेरिकेत सर्रास चालतं. ब्रिटिश लेखनात नुसतं लाइकली असं वापरण्यापेक्षा 'व्हेरी लाइकली' किंवा 'मोस्ट लाइकली' पसंत करतात. लाइकलीचे शेजारीही ओळखून ठेवा. 'लायबल टू' मध्ये नको असलेली गोष्ट आणि तिची खोड दोन्ही येतात (हा पाइप लायबल टू लीक), तर 'बाउंड टू' म्हणजे होणारच.

आता क्रियापदं. इथे शब्दकोश मिटून ठेवा आणि आपल्या मराठीकडे बघा, कारण शक्यतेची शिडी आपल्याकडे आहेच, फक्त ती शब्दांत नसून क्रियापदाच्या रूपांत आहे. दिवा लागलेला बघून आपण म्हणतो: तो घरी असू शकेल, असेल, असावा, असणार, असलाच पाहिजे. साधारण त्याच क्रमाने इंग्रजीत येतं: माइट बी किंवा कुड बी, मे बी, प्रॉबेबली इज, विल बी, मस्ट बी. हुबेहूब जुळणी नाही ('असेल' कधी मेच्या जवळ जातं, कधी प्रॉबेबलीच्या), पण 'शक्यता आहे'चं भाषांतर करण्यापेक्षा आधी मनात मराठी रूप ठरवलं तर चूक फार कमी होते. 'असावा' मनात आलं तर माइट लिहू नका, ते फिकं पडेल.

मे आणि माइट यांच्यातला जुना फरक आजच्या बोलण्यात बराच पुसला गेलाय. माइट किंचित लांबचं, एवढंच धरा. फरक खऱ्या अर्थाने दिसतो तो भूतकाळात. 'ही मे हॅव ड्राउन्ड' म्हणजे तो बुडाला की वाचला हे अजून माहीत नाही. 'ही माइट हॅव ड्राउन्ड' याचा अर्थ तोही होतो आणि 'बुडाला असता, पण वाचला' असाही. बातमी लिहिताना हे उलटसुलट झालं तर अनर्थ होतो, म्हणून वाचलेल्या माणसाबद्दल कधीही 'मे हॅव' लिहू नये.

'शकणे' हे दुसरं मोठं जाळं. 'कोकणात जुलैत एका दिवसात 200 मिलिमीटर पाऊस पडू शकतो' हा तिथल्या हवेचा स्वभाव झाला, म्हणून 'कॅन'. 'आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो' हा एका ठरावीक वेळेचा अंदाज, म्हणून 'मे', 'माइट' किंवा 'कुड'. 'इट कॅन रेन धिस ईव्हनिंग' हे मराठीतून उचललेलं इंग्रजी आहे. एखादी गोष्ट एरवी घडत असते असं म्हणायचं तर कॅन, यावेळी घडेल का हे म्हणायचं तर बाकीचे.

नकारात तर हे शब्द एकमेकांपासून पार लांब जातात. 'दिस माइट नॉट बी ट्रू' म्हणजे हे कदाचित खरं नसेल. 'दिस कुड नॉट बी ट्रू' म्हणजे हे खरं असूच शकत नाही. होकारात शेजारी बसणारे माइट आणि कुड नकारात शिडीच्या दोन टोकांना जातात. तसंच अनुमानाच्या 'मस्ट'चा नकार 'मस्ट नॉट' असा करू नका, तो 'कान्ट' होतो. 'ही मस्ट बी ॲट होम' याच्या उलट 'ही कान्ट बी ॲट होम'. 'ही मस्ट नॉट बी ॲट होम' ऐकून बहुतेकांना आधी 'त्याने घरी थांबता कामा नये' असंच वाटेल. भविष्याबद्दल अंदाज करायलाही मस्ट चालत नाही: 'ही मस्ट कम टुमॉरो' ही सक्ती झाली. अंदाज असेल तर 'ही इज बाउंड टू कम' किंवा 'ही विल ऑलमोस्ट सर्टनली कम'.

'शुड' सगळं नेहमीसारखं चाललं तर काय होईल ते सांगतं: 'द बस शुड बी हिअर बाय एट'. त्यात अपेक्षा असल्यामुळे नकोशा गोष्टींसाठी ते वापरत नाहीत. 'देअर शुड बी ॲन ॲक्सिडेंट' म्हणाल तर अपघात व्हायला हवा असा अर्थ निघेल.

या यादीत तुम्ही न विचारलेला पण सगळ्यांत जास्त नुकसान करणारा शब्द आहे 'डाऊट'. 'मला डाऊट आहे की पैसे त्यानेच घेतले' यात आपल्याला म्हणायचं असतं 'त्यानेच घेतले असावेत'. इंग्रजीत 'आय डाऊट ही टुक द मनी' म्हणजे 'त्याने घेतले असतील असं मला वाटत नाही'. नेमकं उलट! तिथे 'आय सस्पेक्ट ही टुक द मनी' हवं. मराठी 'शंका' आणि 'संशय' दोन्ही बाजूंना झुकतात. इंग्रजीत डाऊट नकाराकडे झुकतं, सस्पेक्ट होकाराकडे. 'नो डाऊट'ही दिसतं तितकं पक्कं नाही. 'ही इज नो डाऊट बिझी' याचा सूर 'असेल बुवा कामात' असा. पूर्ण खात्री असेल तर 'अन्डाउटेडली' किंवा 'सर्टनली'. वाक्याच्या सुरुवातीच्या 'शुअरली'तही खात्रीपेक्षा समोरच्याने हो म्हणावं ही अपेक्षा असते: 'शुअरली ही विल कम?' म्हणजे 'येईल ना तो?'

'बहुतेक'चंही तसंच. 'बहुतेक लोक येतील' यात जास्तीत जास्त लोक येतील की लोक येतील असं वाटतं? इंग्रजीत आधी ठरवावंच लागतं: 'मोस्ट पीपल विल कम' की 'पीपल विल प्रॉबेबली कम'.

आता टक्के. शब्दाला एकच आकडा चिकटवता येत नाही याचा सगळ्यांत गाजलेला दाखला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा आहे. 1951 साली त्यांच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होणं ही 'सीरियस पॉसिबिलिटी' मानावी असं लिहिलं होतं. तो अहवाल तयार करणाऱ्या विभागातल्या शर्मन केंट यांना नंतर कोणीतरी विचारलं, म्हणजे किती? त्यांच्या मनात हल्ला होण्याच्या बाजूने 65 विरुद्ध 35 होतं, विचारणाऱ्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी अहवालावर काम केलेल्या सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं 20 विरुद्ध 80 पासून 80 विरुद्ध 20 पर्यंत आली. एकाच शब्दाला सगळ्यांनी मान्यता दिली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा आकडा होता. 1964 साली केंट यांनी यावर लेख लिहून कोष्टक मांडलं: 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे साधारण 93 टक्के, 'प्रॉबेबल' 75, 'प्रॉबेबली नॉट' 30, 'ऑलमोस्ट सर्टनली नॉट' 7, प्रत्येकाला थोडी मागेपुढे सूट. 'पॉसिबल'ला त्यांनी आकडा दिला नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे त्यात मोजमापच नाही.

तेव्हापासून अनेक संस्थांनी आपापली कोष्टकं केली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के, 'व्हेरी लाइकली' किमान 90, 'एक्स्ट्रीमली लाइकली' किमान 95, 'व्हर्च्युअली सर्टन' किमान 99. अमेरिकी हवामान सेवेच्या पावसाच्या अंदाजात 'स्लाइट चान्स' म्हणजे 20 टक्के, 'चान्स' 30 ते 50, 'लाइकली' 60 ते 70. आपल्या भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांत 'लाइकली' म्हणजे 25 ते 50 टक्के, 'व्हेरी लाइकली' 50 ते 75, 'मोस्ट लाइकली' 75 च्या वर. म्हणजे आपल्या खात्याचं 'व्हेरी लाइकली' आयपीसीसीच्या मोजपट्टीवर साध्या 'लाइकली'लाही पुरेल असं नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. वाचताना कोणाची पट्टी आहे ते आधी बघायचं.

पट्टी ठरलेली असली की तोच शब्द किती नेमकं काम करतो हेही आयपीसीसीत दिसतं. तापमानवाढीचं मुख्य कारण माणूस आहे का, यावर 2001 च्या अहवालात 'लाइकली' होतं, 2007 मध्ये 'व्हेरी लाइकली', 2013 मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली'. 2021 मध्ये, माणसामुळे तापमान वाढलंय हे 'अनइक्विव्होकल', म्हणजे निःसंदिग्ध, असं लिहिलं गेलं. वीस वर्षांत पुरावा किती साचला ते त्या चार शब्दांत वाचता येतं.

घरात उपयोगी पडेल ते औषधांच्या माहितीपत्रकाचं. युरोपीय पद्धतीच्या पत्रकात दुष्परिणाम 'कॉमन' लिहिला असेल तर तो शंभरात 1 ते 10 जणांना होतो. 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहात एकाला किंवा जास्त, 'अनकॉमन' हजारात 1 ते 10, 'रेअर' दहा हजारांत 1 ते 10. 'कॉमन' वाचून बहुतेकांना होतो असं समजून गोळी बंद करू नका. नुसतं 'मे कॉज ड्राउझिनेस' असेल तर झोप येऊ शकते एवढंच कळतं, किती जणांना ते कळत नाही.

तुम्ही स्वतः लिहिताना एका वाक्यात एकच अनिश्चितता ठेवा. 'इट मे बी पॉसिबल दॅट वी माइट डिले' यात तीन आहेत, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्यावर कोणी पैसा किंवा वेळ लावणार आहे तिथे शब्दाशेजारी आकडा लिहाच: 'वी विल प्रॉबेबली डिलिव्हर बाय फ्रायडे, अबाउट 70 पर्सेंट, द रिस्क इज द पेंट नॉट ड्राइंग इन टाइम'. कारणही जोडलं की समोरचा शुक्रवारची वाट बघायची की आधीच दुसरी सोय करायची हे स्वतः ठरवू शकतो.