‘फॅमिली टाइज’ या ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन मालिकेत आईबाप जुने हिप्पी आणि मुलगा अलेक्स तेव्हाच्या उजव्या राष्ट्राध्यक्षाचा, रेगनचा भक्त, हे खऱ्या घरात होऊ शकतं का?

न व्हायला काय झालं? मी ऐंशीच्या दशकात कोलंबसला शिकायला होतो, मालिकेतलं कीटन कुटुंब ओहायोतल्या त्याच भागातलं, आणि आमच्या फायनान्सच्या वर्गात अलेक्ससारखी पोरं ढिगाने होती. १९८४ ला रेगनने ५० पैकी ४९ राज्यं घेतली ती काय नुसत्या म्हाताऱ्यांच्या जोरावर? मालिका काढणारा गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग स्वतः एकेकाळचा हिप्पी, त्याने गोष्ट आईबापांची म्हणून सुरू केली पण मायकेल जे. फॉक्सने अलेक्स असा उभा केला की लोक त्याच्यासाठीच बघायला लागले.

आमचं घर तसंच. बाबा सेवादलातले, समाजवादी नेते एसेम जोशींना मानणारे, आणीबाणीत येरवड्याला राहून आलेले, आणि मी कॉलेजपासून शेअरचे भाव बघणारा. बाबा अमेरिकेला आले तेव्हा त्यांना या मालिकेचा पहिला भाग दाखवला. अलेक्स मैत्रिणीबरोबर अशा क्लबात जातो जिथे सगळ्यांना प्रवेश नसतो, आणि बाप तिथे जाऊन धडकतो. बाबा म्हणाले, बाप गेला ते ठीकच, पण नंतर पोराशी बसून बोलला ते बघ. मग आमचं १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणावरून जे सुरू झालं ते मध्यरात्र उलटली तरी चालूच, ते म्हणत बँक खेड्यात पोचली ती त्यामुळेच, मी म्हणत होतो की कर्ज पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर मिळायला लागलं त्याचं काय.

माझा मोठा भाऊ मात्र आजही म्हणतो की कीटन आईबाप बुळे आहेत आणि आपल्या बाबांनीही मला वेळीच दाबायला हवं होतं, संस्कार वाया गेले. मला हे अजिबात मान्य नाही. दादा बाबांच्याच मताचा, त्यांच्याच घरात राहणारा, पण १९९१ ला मनमोहनसिंगांचं उदारीकरणाचं बजेट आलं तेव्हा बाबांनी रागारागाने एरोग्राम लिहिला तो मला, कडांवरसुद्धा जागा सोडली नव्हती. दाबलं असतं तर मी उत्तर पाठवलं असतं का? तुमच्या घरात असं पोरगं असेल तर त्याच्याशी रोज भांडा पण त्याला गप्प बसवू नका.

आता हेही खरं की मालिकेत अर्ध्या तासात सगळं मिटतं, खऱ्या घरात वर्षानुवर्षं अबोला चालतो, आणि अलेक्सचं राजकारण पैशापुरतंच ठेवलंय, धर्म-वंशाच्या प्रश्नावर तो मुलगा खरंच दुसऱ्या बाजूला असता तर आईबाप इतके हसत राहिले नसते. तरी बघाच. १९८७ चा तासाभराचा भाग आहे, मित्र अपघातात जातो आणि अलेक्स रिकाम्या स्टेजवर स्वतःशी झगडतो, तो तर अजिबात सोडू नका, राजकारण जवळजवळ नाहीये त्यात पण फॉक्सचं काम तिथे सगळ्यात भारी आहे.