इटलीहून आलेली अमारोनेची बाटली पुण्यात घरी किती वर्षं ठेवता येईल? आणि ती प्यावी कशी?

तुम्ही लिहिलंय की भावाने 2017 ची अमारोने, म्हणजे इटलीची एक दाट रेड वाईन, आणली आहे, फ्लॅटमध्ये एसी फक्त बेडरूमला आहे आणि बाटली दहा वर्षं ठेवून मुलीच्या लग्नात उघडायची आहे. दहा वर्षं वाईन टिकेल. तुमच्या घरात टिकणार नाही.

हे अनुभवाने सांगतोय. अशीच एक भारी रेड मी माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे ठेवली होती. अंधार आहे, कुणी हात लावत नाही, म्हणजे तळघरच की, असा माझा हिशोब. दोन उन्हाळ्यांनंतर काढली तर बूच किंचित वर आलेलं आणि मानेवरून चिकट ओघळ वाळलेला. चव करपलेल्या मोरावळ्यासारखी. उष्णतेने वाईन फुगते आणि बूच ढकलते; रात्री आकसली की त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. वाईन साठवतात त्या तळघरात 12 ते 15 अंश, तेही वर्षभर जवळपास सारखंच असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये माळ्यावर पापड वाळतील.

साधा फ्रीज चार-सहा महिन्यांपुरता ठीक, पण त्यातली हवा कोरडी, बूच सुकतं. खरोखर दहा वर्षं थांबायचं असेल तर छोटा वाईन कूलर घ्या, बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहील, आणि लोडशेडिंगचं काय करायचं तेही ठरवून ठेवा. कूलर घेणार नसाल तर येत्या डिसेंबरात उघडा. लग्नासाठी दुसरी आणता येईल.

आता ही वाईन एवढी दाट का, ते. व्हेरोनाजवळच्या वालपोलिचेल्लात कोर्विना, रोंदिनेल्ला वगैरे द्राक्षं तोडून लगेच चिरडत नाहीत. हवेशीर माड्यांवर पसरून तीन-चार महिने सुकवतात, पूर्वी बांबूच्या ताट्यांवर. तासगावचे बेदाण्याचे शेड पाहिले असतील तर चित्र डोळ्यांसमोर येईल. फरक इतकाच की आपल्याकडे उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत काम उरकतं आणि पूर्ण बेदाणा होतो. तिथे थंडीत, सावकाश, तीस-चाळीस टक्के वजन उतरेपर्यंतच. मग आंबवतात आणि साखर जवळपास सगळी आंबू देतात. म्हणून वास बेदाण्याचा, पण जिभेवर गोडवा बेताचाच. अमारो म्हणजे कडू, नाव त्यावरूनच. अल्कोहोल किमान 14 टक्के, बऱ्याच बाटल्यांत 15-16.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ तळाशी बसू द्या. तो खराबीचा नव्हे. रंग आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश) एकमेकांना चिकटून खाली बसलेले असतात. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, आपली नव्हे. 17-18 अंश हवेत, तेव्हा बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. मग काचेच्या जगमध्ये हळू ओता आणि तासभर विसरा.

पहिला घोट घाईने गिळू नका, तोंडात फिरवा. आधी सुकं अंजीर, खारीक, चेरी. मागून लवंग आणि कडू चॉकलेट. मग हिरड्या आवळल्यासारख्या होतील, कोरा चहा जास्त उकळला की होतं तसं. ते टॅनिन. घशात नुसतंच जळजळलं तर वाईन गरम आहे, पुन्हा दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

सोबत तांबडा रस्सा नको. मला मोह झाला होता. एवढं अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं, वाईनही मेली आणि रस्साही. मंद शिजवलेलं, कमी तिखट मटण किंवा जुनं कडक चीज चांगलं. व्हेरोनात तर याच वाईनमध्ये भात शिजवून रिसोत्तो करतात. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस सहज जाते आणि दुसऱ्या दिवशी मला तरी जास्त आवडली होती.