पॅलिओ १.६ला कुर्ल्याचं जुनं इंजिन टाकावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: २००३ची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स, कात्रजचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला, तेव्हापासून सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतं. मेकॅनिक म्हणतो इंजिन संपलं, मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून ३५ हजारांत दुसरं आणून टाकू. टाकावं का?

टाकता येतं. मी माझ्या पॅलिओला टाकलंय आणि गाडी मस्त पळते. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तुमचं इंजिन संपलंय असं मला वाटत नाही.

पांढरा धूर आणि पाणी कमी होणं म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरून वाफ होऊन बाहेर पडतंय. या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) बिडाचा आणि हेड (त्यावरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) ॲल्युमिनियमचं. गाडी तापली की आधी हेड वाकतं आणि हेड गॅस्केट (दोघांमधली सील करणारी पातळ चकती) जातं. ब्लॉक बऱ्याचदा शाबूत राहतो. तेव्हा मेकॅनिकला आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजायला सांगा: सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. साधारण १५० ते १७५ पीएसआय मिळायला हवं, आणि चारांत फार तफावत नको. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचंच कमी आलं तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलंय. एखाद्याचंच कमी आलं तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. रिंगा ठीक निघाल्या तर हेड उतरवा, मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट आणि फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग सपाट करणं) करून घ्या, नवं गॅस्केट आणि बोल्ट टाका. गाडी उभी राहते, आणि आरटीओचं तोंडही बघावं लागत नाही.

निळा धूर येत असेल, ऑईलमध्ये धातूची चकाकी दिसत असेल किंवा खालून ठोक्याचा आवाज येत असेल, तर मात्र इंजिन बदलण्याचा विचार रास्त आहे.

आता कुठलं इंजिन. १५९६ सीसीचं हे १६ व्हॉल्व्हचं १०० अश्वशक्तीचं इंजिन फियाटने आपल्याकडे सिएना, सिएना वीकएंड, ॲडव्हेंचर, पेट्रा आणि नंतरच्या पॅलिओ स्टाइलमध्येही दिलं होतं. म्हणजे शोधायला वाव आहे. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गाड्या कुर्ल्याच्याच कारखान्यात जन्मल्या, आणि आता त्यांचे अवयव कुर्ल्याच्याच सीएसटी रोडला विकायला आहेत. दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट्टई हेही मोठे बाजार. पण लांबून ट्रान्सपोर्टने मागवलेलं इंजिन आधी बघता येत नाही, म्हणून मी तरी ते टाळेन.

माझा खरा सल्ला वेगळाच आहे: सुटं इंजिन घेऊच नका, चालू स्थितीतली अख्खी गाडी घ्या. पत्रा सडलेली पण चालवून बघता येणारी पेट्रा १.६ किंवा वीकएंड अजून मिळते, आणि फियाटला गिऱ्हाईक नसल्यामुळे भाव बरेचदा सुट्या इंजिनाच्या आसपासच असतो. ती घाटात चालवून बघा, पंखा लागतो का बघा, गरम झाल्यावर धूर बघा. वर गिअरबॉक्स, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, ड्राइव्हशाफ्ट हे सगळं पदरात पडतं, आणि हे सुटे पार्ट आता नवे मिळणं म्हणजे नशिबाचा भाग आहे. तिची आरसी तुमच्या हातात असते हा सगळ्यात मोठा फायदा. तो का, ते पुढे येईल.

तरीही सुटंच घ्यायचं असेल तर गिअरबॉक्ससकट घ्या. स्टार्टर गिअरबॉक्सवर बसतो, त्यामुळे तो जोडलेला असला की जमिनीवर पडलेलं इंजिनसुद्धा बॅटरी लावून फिरवता येतं आणि तिथल्या तिथे कॉम्प्रेशन मोजता येतं. स्वतःचा गेज घेऊन जा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. बरेच दिवस पडून राहिलेल्या इंजिनाचे आकडे थोडे कमी येतात, त्याने घाबरू नका; चारही एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. पण बॅटरी लावायच्या आधी प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑईल सोडायचं आणि पान्याने क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो मुख्य दांडा) हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठेही अडकला तर तिथूनच परत फिरा. मुंबईच्या पावसात उघड्यावर पडलेल्या इंजिनात इनटेकच्या (हवा आत जाते त्या) तोंडातून पाणी शिरतं आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो, बाहेरून मात्र डिझेलने धुऊन ते चकाचक दिसतं. इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडांना चिंध्या कोंबलेल्या असतील तर विकणाऱ्याला काही कळतं असं समजा. मोबाईलला जोडायचा स्वस्तातला कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून आत सोडून बोअरवर उभे ओरखडे आहेत का बघा. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर नको. थर्मोस्टॅटच्या (इंजिनातल्या पाण्याचा प्रवाह सोडणाऱ्या झडपेच्या) जागी बोट घाला. गंजाचा तांबडा चिखल लागला तर त्या गाडीत आयुष्यभर नळाचं पाणी भरलंय.

‘पन्नास हजार किलोमीटर चाललेलं’ वगैरे ऐकून घ्या आणि सोडून द्या.

३५ हजार ही फक्त प्रवेश फी आहे. इंजिन खाली आहे तोवरच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑईल सील, कॅमची सीलं, थर्मोस्टॅट, होज पाइप आणि पूर्ण क्लच सेट बदलून घ्यायचा. मागचं सील किरकोळ किमतीचं असतं, पण नंतर गळायला लागलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. इंजिन माउंटिंग तुमची वीस वर्षांची असतील, तीही बघा. मजुरी धरून या सगळ्याला इंजिनाच्या किमतीइतका खर्च आणखी धरा, नाहीतर काम अर्ध्यावर अडकतं. टायमिंग करायला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायचं टूल असलेलाच मेकॅनिक शोधा. व्हाइटनरने पुलीवर खुणा करून बेल्ट चढवणारे भेटतील. एक दात चुकला तरी गाडी ओढत नाही, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इंजेक्टर, इनटेक मॅनिफोल्ड आणि सेन्सर तुमचेच ठेवा. फियाटच्या चावीत चिप असते आणि ती ईसीयूशी जुळलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावलात तर स्टार्टर फिरेल, पण इंजिन चालू होणार नाही. शिवाय सिएना आणि स्टाइल वेगवेगळ्या प्रदूषण नियमांच्या काळातल्या, त्यामुळे हे भाग एकसारखे असतीलच असं नाही.

आणि ज्यामुळे पहिलं इंजिन तापलं ते शोधल्याशिवाय दुसरं बसवू नका. रेडिएटर आतून चोंदलाय, पंखा वेळेवर लागत नाही की थर्मोस्टॅट अडकलाय? ते तसंच राहिलं तर नवं इंजिनही त्याच कात्रजच्या घाटात जाईल.

कुणीतरी तुम्हाला लीनिया टी-जेटचं १.४ टर्बो टाकायला सांगेलच. मोह मलाही होतो. पण गिअरबॉक्स, माउंटिंग, वायरिंग, ईसीयू सगळं बदलतं, शिवाय आरसीवरची सीसी बदलते. तो शनिवार-रविवारचा छंद आहे. रोज ऑफिसला जायच्या गाडीवर तो करू नये.

कागदपत्रांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते आणि बदलल्यावर १४ दिवसांत आरसी घेऊन कळवावं लागतं. विनापरवाना फेरफाराला कलम १८२अ खाली ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन असेल तर अर्ज समजावून सांगणं सोपं जातं, पण ते इंजिन आलं कुठून हे दाखवावं लागतं. म्हणून पक्कं बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत, आणि आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेल्या नंबरशी जुळतो का ते पैसे द्यायच्या आधी बघायचं. नंबर घासलेला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका, ते बहुधा चोरीचं आहे. आरसीवर जुनाच नंबर राहिला तर अपघाताच्या क्लेमला विमा कंपनीचा सर्व्हेअर बोट ठेवतो, आणि तुमच्या २००३च्या गाडीचं पासिंग तर तसंही दर पाच वर्षांनी करावं लागणार आहे.

तुमचं जुनं इंजिन मात्र मेकॅनिकला ‘घेऊन जा’ म्हणून देऊ नका. ब्लॉक, क्रँक, ऑईल पंप आणि कॅम चांगले असतील तर ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. बिल देताना मेकॅनिक सहज म्हणून त्याची चौकशी करेल, तेव्हा नाही म्हणा.