कोल्हापुरात रेस्ट डे घेणार असशील तर सायकलने पन्हाळ्याला जाऊ नको

मुंबई ते कन्याकुमारी, रोज शंभरेक किमी, चौथ्या दिवशी कोल्हापूर, आणि इथं एक दिवस थांबू का पाय चालतायत तोवर पुढं रेटू, असं विचारलंयस. थांब भावा.

चौथ्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं पाय चालतायत. तोवर बोर घाट, कात्रज, खंबाटकी सगळं झालेलं असतं, पण स्नायूंचं दुखणं लगेच वर येत नाही, एक ते तीन दिवसांनी येतं, म्हणजे खंबाटकीत काय केलंस ते निपाणीच्या पुढं तवंदी घाटात कळणार. शिवाय मांड्यांमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंच्या इंधनाचा, साठा रिकामा झाला की भात-भाकरी भरपूर खाऊन पण तो पूर्ण भरायला साधारण 24 तास जातात, नुसत्या रात्रीच्या झोपेत भागत नाही. सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी नाडी मोज, नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली तर शरीर अजून सावरलेलं नाही. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हँडलवर दाबून दाबून तळहातातली नस दमलीय, आणि सीटला घासून कातडी सोलली असेल तर सीटवर न बसणं हाच उपाय, क्रीम नंतर.

आता खरी अडचण. आमच्याकडं येणारे बरेच जण रिकामाच आहे तर म्हणून सायकलने पन्हाळा नाहीतर जोतिबा करून येतात आणि त्याला रेस्ट डे म्हणतात! पन्हाळा 20 किमीवर आहे, शेवटी चांगली चढण आहे, बघायचाच असेल तर एसटीने जा. अंबाबाईचं दर्शन पहाटे लवकर उरकून घे, नंतर रांगेत उभं राहून पोटऱ्या आणखी भरतात. आणि भवानी मंडप, खासबाग, न्यू पॅलेस सगळं एकाच दिवशी पायी करायचा नाद सोड, रिक्षा कर, दुपारी पंखा लावून सरळ झोप.

खाण्याचं म्हणशील तर मिसळ आणि तांबडा रस्सा काय ते सकाळी-दुपारी उरकायचं, रात्री पांढरा रस्सा आणि भातच बरा. कारण काय ते स्पष्ट लिहित नाही, पण रात्रीच्या तिखटाचा हिशोब दुसऱ्या दिवशी सीटवर होतो. गंगावेशीत म्हशीचं ताजं धारेचं दूध मिळतं, दूध पचत असेल तरच पी, पाहुण्या गावात प्रयोग नको.

मधल्या वेळात चेन पुसून तेल घाल, ब्रेक पॅड बघ, आणि टायरवरनं बोट नको, जुनं फडकं फिरव. हायवेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या रबरात रुतून बसतात आणि पंक्चर दोन दिवसांनी होतं. सायकलिंगच्या चड्ड्या धुवून कडक उन्हात वाळव, ओलसर घातल्या की पुरळ आलंच.

संध्याकाळी अगदीच करमत नसेल तर हलक्या गिअरवर रंकाळ्याला वीसेक मिनिटं पाय फिरव, घाम यायच्या आत परत ये. दुसऱ्या दिवशी कागल येईपर्यंत पाय जडच वाटणार, रेस्ट घेऊन उलटं झालं असं समजू नको, गिअर हलका ठेव, निपाणीत पोटभर नाश्ता कर आणि मग तवंदीला लाग.