अठरा झाल्यावर सही कोणाची?

प्रश्न: मुलगा 17 वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. बँकेतले म्हणाले 18 नंतर तुमची सही चालणार नाही. मी आई असून?

उत्तर: हो ताई, 18 झाले की कायद्याने तो सज्ञान, मग आईबापालाही पालकत्व रीतसर मागून घ्यावं लागतं. बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली लोकल लेव्हल कमिटी असते, तिथं अर्ज करायचा, आणि युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आत्ताच काढून ठेवा. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमाही बघा, 1 लाखापर्यंत कव्हर आहे.

पण कागदांच्या नादात पोरगं राहून जातं हं. दुधाची पिशवी आणायला एकटं पाठवा, सुटे पैसे त्यालाच मोजू दे, दोनदा चुकेल, चुकू दे. आणि पुढं काय काम करायला आवडेल ते त्याला विचारलंत का?