बहिणीला फिटसाठी व्हॅलप्रोएट चालू आहे. केस गळतात, वजन वाढतंय, पुढच्या वर्षी लग्न आहे. गोळी बंद करावी का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. हा शहाणपणा मी कॉलेजात केला होता. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले म्हणून घरात न सांगता गोळी सोडली. पाचव्या दिवशी बाथरूममध्ये फिट आली, आतून कडी लावलेली. दार तोडावं लागलं. औषध एकदम तोडलं की फिटवर फिट येत राहू शकतात, जिवावर बेततं.

केस, वजन, हाताची थरथर ही या गोळीचीच देणगी. डोस कमी केल्यावर माझे केस परत आले, वजन मात्र हटलं नाही. पण उलट्या थांबत नाहीत, पोटात जोरात दुखतंय, डोळे पिवळे दिसतात, उगाच निळे डाग उठतात किंवा गुंगी उतरत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यकृत, स्वादुपिंड, प्लेटलेट यांवर क्वचित परिणाम होतो.

खरी काळजी लग्नाची करा. गरोदरपणी ही गोळी चालू असेल तर 100 पैकी सुमारे 10 बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, एरवी हे प्रमाण 2-3 असतं. शिवाय 30 ते 40 मुलं बोलायला-चालायला, शिकायला मागे पडू शकतात. बाळाचा पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच घडतो, तेव्हा पाळी चुकल्यावर धावपळ करून उपयोग नाही. फॉलिक ॲसिड देतात, पण त्याने हा धोका पुसला जात नाही. युरोपात 2018 पासून गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था असल्याशिवाय मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ही गोळी देऊ नये असा नियम आहे. मला मात्र सात वर्षं “लग्न ठरलं की बघू” एवढंच ऐकवलं गेलं!

म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे आत्ताच जा. लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिनवर बदलता येतं का ते विचारा. व्हॅलप्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिन फार हळू वाढवतात, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. त्यामुळे बदलायला महिने लागतात. मी लेव्हेटिरासिटामवर आहे. पहिले दोन महिने इतकी चिडचिड व्हायची की आई समोर यायची नाही. काहींच्या फिट फक्त व्हॅलप्रोएटलाच दाद देतात, मग कमीत कमी डोस ठरवावा लागतो.

आणि सासरी सांगितलंय ना? माझ्या मावसबहिणीने लपवलं होतं. घरात पाहुणे असले की तिची रात्रीची गोळी राहायची.