खोक्यातच राहिलेला पाळणा

"मॅडम, एक बाजू खाली करता येणारा पाळणा घेतला तर झोपेत माझा हात बाळावर पडायची भीती. चारी बाजू बंद असलेला घेतला, तर तो पलंगाला लावून उपयोग काय? तुम्हीच सांगा, कोणता घेऊ?"

बाळंतपणाआधी भेटायला येणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी येतो. ही गोष्ट त्यांच्यापैकी एकीची, आठवा महिना सरत आलेला असतानाची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिने दोन बेडसाइड क्रिब, म्हणजे आईच्या पलंगाला खेटून लावायचे पाळणे, मागवून परत केले होते. तिसरा आला होता, पण दारामागे खोक्यातच उभा होता. उघडला की परत घेणार नाहीत, म्हणून त्याला हात लावायचा नाही अशी नवऱ्याला ताकीद होती. नवरा सोबत आला होता. "पाळण्यांवर हिची परीक्षा घेतली तर पहिली येईल," तो म्हणाला. ती हसली नाही.

पहिले दोन का परत केले, ते मी विचारलं. एकाला एकाच बाजूने जाळी होती. दुसऱ्याचा पाय हलतो, असं कुणीतरी लिहिलेलं तिच्या वाचनात आलं होतं. आणि तिसरा?

"त्यात अजून काही सापडलं नाही. म्हणजे माझ्या नजरेतून काहीतरी सुटलंय."

हे वाक्य ऐकल्यावर मी पाळण्याची चर्चा थोडी बाजूला ठेवली. वस्तूत खोट सापडली तर ती वाईट, आणि सापडली नाही तर शोधणारीच कमी पडली! अशा हिशेबात कुठलीच वस्तू पास होत नाही. "चांगलाच आहे गं, घेऊन टाक," असं घरचे म्हणतात तेव्हा तासाभराचा दिलासा मिळतो आणि मग शोध पुन्हा सुरू होतो. म्हणून मी तिला धीर दिला नाही. नेमकं काय वाचलं होतं, ते विचारलं.

२०१९ मध्ये अमेरिकेत एका बड्या कंपनीने तान्ह्या बाळांचे सुमारे ४७ लाख झोपाळे (टांगलेले झुले नव्हेत, बाळाला निजवायची आसनं) परत मागवले, कारण त्यांत झोपलेली तीसहून जास्त बाळं दगावली होती. ही बातमी तिने मध्यरात्री वाचली होती. नावाजलेली कंपनी, लाखो घरांत वापरलेली वस्तू, तरी असं झालं. मग विश्वास ठेवायचा कुणावर?

भीती निराधार नव्हती, आणि मी तसं म्हटलंही नाही. पण त्या बातमीतलं "का" तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते झोपाळे उतरते होते, बाळ त्यात अर्धवट बसल्यासारखं निजायचं. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कमकुवत. उतारावर डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. शिवाय उतारावर बाळाला कुशीवर किंवा पालथं होणं सोपं जातं, आणि तोंड मऊ कापडात गेलं तर परत वळण्याइतकं बळ अंगात नसतं. त्यानंतर २०२२ मध्ये अमेरिकेने दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेले झोपाळे आणि पाळण्याच्या कडेला बांधायच्या जाड गाद्या, दोन्ही कायद्यानेच बंद केले. तिच्या दारामागचा पाळणा सपाट होता. बातमीतल्या वस्तूशी त्याचं नातं एवढंच, की दोन्ही बाळासाठी होत्या.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिच्या वाचनात "धोकादायक" हा शब्द शेकडो वेळा आला असेल, कारण मात्र एकदाही नाही. कारण कळलं की भीतीला हद्द पडते. माझ्या कामात हे वारंवार दिसतं.

मग मी कागदावर मधोमध रेघ मारली. ज्यांचं उत्तर मिळून विषय संपतो ते प्रश्न डावीकडे, आणि कितीही उत्तरं मिळाली तरी जे पुन्हा उभे राहतात ते उजवीकडे. डावी बाजू भराभर भरली. तळ सपाट आहे का? गादी टणक आहे का, म्हणजे तळहाताने दाबून सोडली तर खळगा राहत नाही ना? गादी आणि चौकट यांच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नाही ना? पलंगाला बांधायचे पट्टे आहेत का? उजवीकडे तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग बारीक अक्षरात लिहिलं: "बाळाला काही होणार नाही ना?"

नवऱ्याने ते वाचलं आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

या प्रश्नाचं उत्तर ती गेले कित्येक दिवस पाळण्याकडे मागत होती, आणि ते कुठल्याच पाळण्यापाशी नसतं. उजवीकडचा प्रश्न आम्ही पुढच्या भेटींसाठी ठेवला. तो आई होण्यातला प्रश्न आहे, खरेदीतला नाही. डावीकडचे मात्र त्याच दिवशी निकालात काढायचे ठरले, आणि त्यासाठी मी त्यांना एक अट घातली. विचार दिवसाच्या ताज्या डोक्याने करायचा नाही. पहाटेचे तीन वाजलेत, सलग दोन तासही झोप झालेली नाही, पोटाला टाके आहेत आणि बाळ रडतंय, असं धरून करायचा. आपण वस्तू निवडतो शहाण्या, सावध स्वतःसाठी. ती वापरते मात्र अर्धवट झोपेतली बाई.

तीन वाजताचा विचार सुरू झाल्यावर रंग, चाकं, खालचा कप्पा, अंगाई वाजवणारं यंत्र, सगळं आपोआप गळून पडलं. उरलं ते असं. सिझेरियन झालं तर उंच कठड्यावरून वाकून बाळ उचलणं जड जाईल, म्हणून बाजू खाली होणारा पाळणा बरा. पण उघड्या बाजूलाही बुटका का होईना कठडा हवाच, म्हणजे बाळ सरकून पलंगावर येणार नाही आणि झोपेत आपला हात सहज तिकडे जाणार नाही. ती उठून बाहेर गेली की बाजू वर करायची. हे तीन वाजता आठवणार नाही, म्हणून ते काम नवऱ्याने आपल्याकडे घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पलंग आणि पाळणा यांच्या मधल्या फटीवर. बहुतेक जण पाळणा बारकाईने बघतात, आपला पलंग मात्र बघतच नाहीत. त्यांच्या पलंगाची लाकडी चौकट गादीच्या बाहेर चांगली चार बोटं येत होती. म्हणजे पाळणा चौकटीला घट्ट टेकला तरी गादीपाशी फट राहणारच. "त्यात टॉवेल खोचू," नवरा म्हणाला. नाही. टॉवेल, उशी, लोड, काहीही खोचायचं नाही. झोपेत ते निघतं किंवा बाळाच्या तोंडावर येतं, आणि फट बुजल्यासारखी वाटते म्हणून आपण निर्धास्त होतो. पाळणा पट्ट्यांनी गादीशीच ओढून बांधता येत असेल तर ठीक, नसेल तर चारी बाजू वर करून पलंगापासून थोडा लांब ठेवायचा. तेही शेजारीच झालं. उंचीचंही तसंच: पलंगावर कुणी झोपलं की गादी दबते, म्हणून माप रिकाम्या पलंगाचं आणि माणूस झोपलेल्या पलंगाचं, असं दोनदा घ्यायचं. त्या संध्याकाळी ती पलंगावर आडवी झाली आणि नवऱ्याने टेप धरली. खोकं उघडलं गेलं.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं होतं की आमची मुलं कुशीतच वाढली, हा पिंजरा कशाला? पुढच्या भेटीला त्या स्वतः आल्या. "काकू, तुम्हाला बाळ आईच्या जवळ हवंय ना?" मी विचारलं. "मग कुठे, लांब ठेवायचं?" त्या म्हणाल्या. वाद खरं तर इथेच संपत होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा, २०२२ चा सल्लाही हाच आहे. निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीतच, त्यांच्या पलंगाजवळ झोपावं, फक्त स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि टणक जागेवर, दर वेळी उताणं. इंग्लंडमध्ये हेलन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतरच्या वॉर्डात पलंगाला जोडलेल्या पाळण्यातली बाळं, वेगळ्या पाळण्यातल्या बाळांपेक्षा जास्त वेळा अंगावर प्यायली. पुढच्या मोठ्या अभ्यासात मात्र स्तनपान किती महिने चाललं यात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पाळण्याने सगळं साधतं असं नाही.

काकूंची दुसरी शंका अशी, की उताणं झोपवलं आणि उलटी झाली तर? मी डॉक्टर नाही. पण हे डॉक्टरच समजावतात ते मला पटलं आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासात जायला उलट चढावं लागतं. पालथं असताना नेमकं उलटं. १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या दशकभरात झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. काकूंनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. घरी गेल्यावर पाळण्यातली नक्षीदार उशी त्यांनीच काढून कपाटात ठेवली, हे सुनेकडून कळलं.

खरी अडचण बाळ आल्यावर उभी राहिली. काही आठवड्यांनी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. पाळणा उत्तम होता. बाळ त्यात झोपत नव्हतं. छातीवर गाढ, आणि पाळण्यात ठेवलं की दोन मिनिटांत टाहो.

"मग रात्री काय करता?"

"पलंगावर घेऊन झोपायचं नाही म्हणून सोफ्यावर बसून पाजते. कधीकधी तिथेच डोळा लागतो."

इथे मी आवाज चढू दिला नाही, पण थांबलेही नाही. हे त्याच दिवशी बदलायला हवं होतं. पलंगावर नको म्हणून सोफ्यावर जाणारे आईबाप खूप आहेत, आणि ते नकळत मोठ्या धोक्याकडे जातात. सोफ्यावर किंवा मऊ खुर्चीत मोठ्या माणसासोबत झोपलेल्या बाळाचा मृत्यूचा धोका ६७ पटींपर्यंत वाढतो, असं त्याच संघटनेने नोंदवलं आहे. बाळ पाठ आणि गादीच्या खाचेत घसरतं आणि तोंड दबतं. पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणं हटवलेला पलंग कमी धोक्याचा, हेही ते स्पष्ट सांगतात. याचा अर्थ पलंगावर झोपवावं असा नाही. जाग आली की लगेच बाळ त्याच्या जागी. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, किंवा बाळ महिना भरण्याआधी जन्मलेलं वा कमी वजनाचं असेल, तर एवढीही मुभा नाही.

आम्ही नवीन व्यवस्था लावली. पाजायचं पलंगावरच, पाळण्याच्या बाजूला बसून, दुलई पायथ्याशी सारून. त्या वेळी नवऱ्यानेही उठून बसायचं आणि ती पेंगली तर बाळ पाळण्यात ठेवायचं. ठेवताना आधी पाय, मग ढुंगण, डोकं शेवटी, आणि हात लगेच काढायचा नाही. दिवसाची एक झोप पाळण्यातच, म्हणजे जागा ओळखीची होईल. बाळ रडलं तर पाळण्यात ठेवूनच छातीवर हात. तरी नाही थांबलं तर उचलायचं. तान्ह्याला "सवय लागेल" वगैरे भीती मी मनावर घेत नाही. पहिल्या आठवड्यात फार फरक पडला नाही. मग रात्रीचा पहिला तुकडा पाळण्यात जाऊ लागला, आणि तिला तेवढा पुरला.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. बाळ झोपलेलं असतानाही ती जागी राहून श्वास मोजत होती. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे सगळे आईबाप रात्री उठून बघतात, त्यात काही वावगं नाही. पण बाळ शांत झोपलंय, सांभाळायला दुसरं माणूस जागं आहे, आणि तरीही झोप येत नाही, हे मी हलक्यात घेत नाही. तिला मी एडिंबरा प्रश्नावली भरायला दिली. १९८७ पासून वापरात असलेली, दहा प्रश्नांची, बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपण्यासाठीची. तिचे गुण सीमारेषेवर आले, म्हणून तिच्या डॉक्टरांना कळवलं, आणि आमच्या भेटी दर आठवड्याच्या केल्या. रात्रीचा एक सलग झोपेचा तुकडा नवऱ्याच्या आणि काकूंच्या पहाऱ्यात तिच्यासाठी राखून ठेवला. उजवीकडचा प्रश्न या भेटींमध्ये हळूहळू बोलला गेला. तो संपला नाही. श्वास मोजणं मात्र थांबलं. (स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.)

पाचव्या महिन्याच्या सुमाराला तिचा फोन आला. बाळ पालथं पडून हातांवर छाती उचलू लागलं होतं. पाळणा अजून चालेल का? वजनाची मर्यादा तर संपली नव्हती. चालणार नाही, मी म्हटलं. बाळ हातांवर किंवा हातागुडघ्यांवर उठू लागलं की वजन काही असो, बुटक्या कठड्याचा पाळणा बंद करायचा आणि उंच बाजूंची खाट आणायची, तीही त्याच खोलीत.

"मग हा नणंदेला देऊ? तिचा सातवा महिना आहे."

"द्या की. पण पट्टे आणि माहितीपत्रक सोबत द्या, आणि तिच्या पलंगाचं माप आधी घ्या. पट्टे हरवले असतील तर देऊ नका."

"पट्टे आहेत," ती म्हणाली. "चौकटीचं बघते. तिचा पलंग आमच्यासारखाच आहे."

"मग पाळण्याच्या चारी बाजू वरच ठेवायला सांगा."

"हो, आणि टॉवेल खोचायचा नाही," ती म्हणाली, आणि फोन नवऱ्याकडे दिला.